दोन दारांची गाडी

कवळ्या बनवणाऱ्या गृहस्थाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी दोन दारांची लाल गाडी घरासमोर आणून उभी केली, तेव्हा घरात भांडण झालं नाही. बायको बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिने शांतपणे विचारलं, "मागची दारं कुठे आहेत?"

मागची दारं नव्हती. तशी ती गाडीच नव्हती. बुटकी, रुंद, उभ्या उभ्या पळतेय असं वाटणारी. नवी घेणं त्याला या जन्मात जमलं नसतं. ही नऊ वर्षं जुनी आणि तीन हातांतून आलेली, म्हणून आवाक्यात आली. पंचवीस वर्षं तो एका अरुंद खोलीत बसून लोकांच्या हिरड्यांचे साचे काढत आला होता. हातात सतत मेण आणि प्लास्टर. आपल्याला पाहून कुणी मान वळवावी, एवढीच त्याची इच्छा होती आणि त्यासाठी ही गाडी पुरेशी होती.

विकणारा व्यायाम शिकवणारा तरुण होता. त्याला जुळं झालं होतं, म्हणून तो चार दारांकडे वळला होता. माणूस सरळ निघाला. डाव्या सीटचा खटका अडकतो, ती पुढे झुकत नाही, मागे जायचं तर उजवीकडून जा, असं त्याने आपणहून सांगितलं. शिवाय पटली नाही तर आठ दिवसांत परत घेईन, असाही शब्द दिला. बायकोने यातलं शेवटचं वाक्य तेवढं नीट लक्षात ठेवलं.

खरी अडचण सासऱ्यांची होती. ते निवृत्त गणित शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणत असे. त्यांच्या तोंडातली कवळी जावयाने स्वतःच्या हाताने केलेली होती, पण त्या दातांतून जावयासाठी शब्द फारसा बाहेर पडत नसे. जे काही असेल ते मुलीमार्फत. भांडण कधी झालं नव्हतं. लग्नात पहिल्या दिवशी बोलायचं राहून गेलं आणि मग इतकी वर्षं त्याला मुहूर्तच सापडला नाही. गाडीबद्दलचं मतही त्यांनी मुलीलाच कळवलं: या वयात माणसाने दारं वाढवावीत, कमी करू नयेत.

गाडी येऊन चार दिवस झाले आणि सरांचे मित्र वारले. भूगोल शिकवायचे. शाळेत एकतीस वर्षं दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. शोकसभेत पहिलं भाषण सरांनीच करावं असं ठरलं आणि त्यांना न्यायला जावई लाल गाडी घेऊन गेला.

मुलीने वडिलांना पुढे बसायचा खूप आग्रह केला. पण पुढे बसणं म्हणजे गाडीला मान्यता देण्यासारखं होतं. "तुझा गुडघा वाकत नाही, तू पुढे बस," म्हणून सरांनी भाषणाचे कागद छातीशी धरले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उजव्या सीटमागच्या फटीतून स्वतःला आत घातलं. ते स्थिरावल्यावर जावयाने सीट मागे लोटली. टक असा आवाज झाला आणि सीटचा खटका त्याच्या हातात आला.

तो क्षणभर खटक्याकडे बघत राहिला. मग त्याने तो खिशात टाकला. सभेला वीस मिनिटं राहिली होती. पोचल्यावर बघू, असं त्याने मनाशी म्हटलं. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी त्याने अशाच ढकलल्या होत्या.

पोचल्यावर बघितलं. उजवी सीट हलेना. डावी तर हलणारच नव्हती. बायकोने विचारलं, "काय झालं?" त्याने खिशातून खटका काढून दाखवला. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि परत त्याच्या खिशात टाकला. ती बोलत नसली की त्याला जास्त भीती वाटायची.

सभागृहाच्या अंगणात हळूहळू माणसं जमली. सगळी गंभीर कपड्यांतली, गंभीर चेहऱ्यांची, आणि प्रत्येकाकडे एक उपाय होता. एका डॉक्टरांनी सरांना आडवं होऊन पाय आधी बाहेर काढायला सुचवलं. माजी मुख्याध्यापिकाबाईंनी दोन्ही सीटच्या मधून येऊन बघा म्हटलं. सरांनी प्रयत्न केला आणि त्यांचं पोट गिअरपाशी अडलं. छताला काच होती, ती सरकत असे, पण अर्धीच. तिच्यातून सरांचं डोकं तेवढं बाहेर आलं. समोरच्या माणसांनी सवयीने नमस्कार केला, सरांनीही केला आणि ते पुन्हा आत गेले. हसण्याचा प्रसंग नव्हता, त्यामुळे काही जण खोकले.

मेकॅनिकला फोन लावला. त्याला यायला तासभर लागणार होता. तोवर सभा थांबवणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी पहिलं बोलावं हे सर ऐकायला तयार नव्हते. शेवटी ध्वनिव्यवस्थावाल्याने दाराखालून लांब वायर ओढत आणली आणि माईक खिडकीतून आत दिला.

अशा रीतीने सभा सुरू झाली. आत दोनशे माणसं हार घातलेल्या फोटोकडे बघत बसली होती, व्यासपीठावर कुणीच नव्हतं आणि भिंतींवरच्या कर्ण्यांतून सरांचा आवाज येत होता. जावई गाडीशेजारी उभा राहून कर्ण्यातून एक आणि गाडीतून एक, असं दोनदा ऐकत होता.

सरांनी पहिलं पान वाचलं. जन्म, शिक्षण, नोकरी. मग कागदांचा आवाज थांबला.

"तो तीन महिने अंथरुणाला खिळला होता," सर म्हणाले. "माझ्या घरापासून चार गल्ल्या. मी एकदाही गेलो नाही. निघायचो, कोपऱ्यापर्यंत जायचो, परत यायचो. त्याला तसा बघायची हिंमत नव्हती. हे मी लिहून आणलेलं नाही."

कर्ण्यांतून नुसता श्वास ऐकू येत राहिला.

तेव्हा पहिल्या रांगेतून भूगोलाच्या सरांच्या पत्नी उठल्या. काठी टेकत अंगणात आल्या, जावयाने उघडलेल्या दारातून पुढच्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं. माईक चालूच होता. ध्वनिव्यवस्थावाल्याने बटणाकडे हात नेला आणि तो हात तिथेच राहिला.

"भावोजी," कर्ण्यांतून बाईंचा आवाज आला, "तुम्ही आला नाहीत ते बरं केलंत. त्यांना उठून बसवत नव्हतं. पण संध्याकाळ झाली की तुम्हाला शिव्या घालायला म्हणून ते उठून बसायचे. चांगला अर्धा तास. मग भूक लागायची."

सभागृहात आधी कुणीतरी नाक ओढलं, मग कुणीतरी हसलं, आणि पुढे कोण काय करतंय ते कळेनासं झालं. बाई पुढे म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, रोज असंच बसवा. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, ते गणितवाल्यांच्या हातात आहे."

मेकॅनिक आला तोवर सभा संपली होती. त्याने आत वाकून बघितलं आणि डाव्या सीटच्या पाठीला खालच्या बाजूला लावलेला काळा पट्टा ओढला. सीट अलगद पुढे झुकली. "मागे बसणाऱ्यासाठीच देतात हा," तो म्हणाला. "अडकणाऱ्या खटक्याशी याचा संबंध नाही. आतून कुणी बघितला नाही का?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा पुसायला घेतला.

परतताना सर पुन्हा मागेच बसले. सरांच्या घरापाशी बायको कुलूप उघडायला पुढे गेली. सर मागून पट्टा ओढून, सराईतासारखे बाहेर आले आणि जावयासमोर उभे राहिले. मग, मधे कुणाला न घेता, त्याच्याशी बोलले.

"हा पट्टा जाताना पहिल्याच सिग्नलला सापडला होता मला. जरा ओढून बघितला, तर सीटसकट ही पुढे गेली. हिला वाटलं, तुम्ही ब्रेक मारलात."

"मग उतरला का नाहीत?"

"आत वहिनी होत्या," सर म्हणाले. "आणि त्याचा फोटो. मला जमलं नसतं." मग मुलीकडे बघत म्हणाले, "हिला सांगू नका."

घरी बायको सांगत होती की अख्ख्या गावासमोर माझ्या बापाला पिंजऱ्यात बसवलंत, गाडी उद्याच्या उद्या परत जाईल, त्या व्यायामवाल्याला आत्ताच कळवा. सर मनात आणलं असतं तर केव्हाही उतरू शकले असते, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य अगदी त्याच्या ओठांवर आलं. त्याने ते गिळलं, बरोबर आहे म्हणाला आणि गाडीतली आपली छत्री, कागद, एक जुना रुमाल काढून आणायला खाली गेला. परत आला तेव्हा त्याचा मोबाइल वाजत होता. सासऱ्यांचा नंबर होता. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्याच्या फोनवर उमटत होता.

बायकोला वाटलं, आपल्यालाच हवंय बाबांना. तिने हात पुढे केला. पण तिकडून विचारणा त्याचीच झाली.

"जावईबापू, उद्या चारला मोकळे आहात का? वहिनींना जरा फिरवून आणायचंय. तुमचीच गाडी आणा," सर म्हणाले. "त्या पुढे बसतील. मी मागे बसेन."