त्रेचाळीस नंबरच्या सासूबाई

माझ्या सासूबाई व्हिएन्नात सगळ्यांशी वऱ्हाडीतच बोलायच्या. दुकानदाराशी, शेजारच्या म्हाताऱ्याशी, ट्रामच्या ड्रायव्हरशी, आणि तेही अमरावतीच्या राजापेठेतून बडनेऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. समोरच्याला आपली भाषा कळत नसेल, ही शंका त्यांना कधी शिवलीच नाही. मी एकदा हळूच सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, "जवाईबापू, भाषा नाई समजत त्याइले. पन बोलनं समजते. तुमचं उलटं हाय."

मी मूळचा अकोल्याचा, जठारपेठेतला. माझ्यातला प्रत्येक दोष सासूबाई अकोल्याच्या उन्हाच्या खात्यावर टाकतात. बायको स्वाती अमरावतीची, त्यांची एकुलती एक लेक. नोकरीमुळे आम्ही दोघं व्हिएन्नात राहायला गेलो आणि स्वातीला दिवस गेले, तेव्हा बाळंतपणासाठी सासूबाई यायच्या ठरल्या. सासरे जाऊन काही वर्षं झाली होती. बाई आयुष्यात नागपूरच्या पलीकडे गेलेली नव्हती. मी विमानतळावर काळजीत उभा. तर त्या बाहेर आल्या त्या एका उंचपुऱ्या पोलिसासोबत. त्याच्या खांद्यावर आंब्याच्या लोणच्याची पिशवी, आणि सासूबाई त्याला लोणचं उन्हात कसं ठेवायचं ते समजावून सांगताहेत. मला पाहून त्याला म्हणाल्या, "हे पाय, हेच थे. अकोल्याचे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ट्राम दाखवली. आमच्या घरासमोरूनच त्रेचाळीस नंबरची ट्राम जायची. त्यांनी ती येताना पाहिली, थांबताना पाहिली, दारं उघडताना पाहिली आणि निकाल दिला, "शहाणी हाय. वळते बी आपल्या आपन."

त्या दिवसापासून सासूबाईंनी त्रेचाळीस नंबर ताब्यात घेतला. सकाळी स्वयंपाक उरकला की डोक्याला मफलर, नऊवारीवर माझा जुना कोट, आणि बाई स्टॉपवर. जर्मन नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सगळ्या स्टॉपांची अमरावती करून टाकली. मोठ्या चौकाचा राजकमल झाला, चर्चजवळचा अंबादेवी झाला, जिथे फळांचं दुकान होतं तो इतवारा. आठवड्याभरात मीही स्वातीला फोनवर सांगायला लागलो, "अंबादेवी गेलं, येतोच पाच मिनिटांत."

त्यांना महिन्याचा पास काढून दिला होता. पण तिथे पास कुणी तपासत नाही. चढताना ड्रायव्हर बघतही नाही. याचा त्यांना मनापासून राग यायचा. "पैसे भरले तं कोनी इचारलं पाह्यजे ना! मी काय फुकटची बसून राहिली?" मग त्या स्वतःच शेजारच्या प्रवाशाला पास दाखवायच्या. माणसं बिचारी मान डोलवायची. एके दिवशी साध्या कपड्यातला तपासनीस खरंच समोर उभा राहिला. डब्यातल्या लोकांनी खिसे चाचपायला सुरुवात केली, आणि सासूबाईंचा चेहरा मात्र माहेरचा माणूस भेटल्यासारखा उजळला. "किती दिवसाचे कुठी होते बाप्पा तुमी?" असं म्हणत त्यांनी पास दाखवला, आणि पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. तो माणूस लाडू हातात धरून पुढचे दोन स्टॉप तसाच उभा होता. शेवटी त्याने खाल्ला. मी पाहिलंय.

तरुण पोरांना जागेवरून उठवण्यातही त्यांचा हात कुणी धरला नसता. कुणी गरोदर बाई चढली की सासूबाई कानात वायरी घातलेल्या एखाद्या पोराच्या खांद्यावर टिचकी मारायच्या. "ऊठ ना बाप्पा. थे उभी हाय, दिसत नाई?" पोरगं उठायचंच. त्या बाईला जागेवर बसवून सासूबाई तिच्या पोटाकडे बघायच्या आणि कितवा महिना असेल तो अंदाज मोठ्याने सांगायच्या.

पण एका गोष्टीने मी वैतागायचो. त्रेचाळीस नंबरवर दोन तऱ्हेच्या गाड्या धावायच्या. एक जुनी, उंच पायऱ्यांची. दुसरी नवी, फुटपाथच्या पातळीत दार असलेली. जुनी आली की सासूबाई चढायच्याच नाहीत. थंडीने नाक गळतंय, बोटं वळत नाहीत, आणि या म्हणताहेत, "जाऊ द्या. मागची येऊ द्या."

"आई, हीसुद्धा तिथेच जाते."

"जाते ना. पन पायऱ्या पाहा किती उंच हाय."

गुडघे दुखत असतील म्हणावं, तर घरी लिफ्ट बंद पडली तेव्हा त्या बटाट्याची पिशवी घेऊन चार मजले चढून आल्या होत्या आणि दम मला लागला होता.

राजवाडा बघायला चला म्हटलं तर नाही. नदीवर चला म्हटलं तर नाही. "राजवाडा कुठी पळून जाते?" दुसऱ्या कुठल्याही ट्रामला त्यांनी पाय लावला नाही. रोज तीच गाडी, रोज तोच रस्ता. जायचं आणि यायचं. इकडे घरात स्वातीचे पाय सुजलेले, पाठ धरलेली. एका दुपारी तिला रडूच आलं. "आई माझ्यासाठी आलीये की ट्रामसाठी?" सासूबाईंनी ऐकलं. लेकीच्या पायांना तेल चोळत बसल्या. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा कोट चढवून बाहेर.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून अवकाश होता, म्हणून मी ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या शहरात गेलो. नेमकं त्याच सकाळी स्वातीच्या पोटात दुखायला लागलं. रात्रभर बर्फ पडून रस्ते भरले होते. हॉस्पिटलमध्ये फोन केला तर तिथली नर्स शांतपणे म्हणाली, कळा अजून लांब आहेत, घाबरू नका, निवांत या. टॅक्सी मिळेना. स्वातीने मला फोन केला. मी स्टेशनकडे धावलो, पण माझी गाडी पोचायला दुपार होणार होती. फोनमध्ये मागून सासूबाईंचा आवाज आला, "त्याइले म्हन सावकाश या. बर्फात पडान. आमी निघालो."

पुढचं स्वातीने मला नंतर सांगितलं. स्टॉपवर पहिली आली ती जुनी गाडी. स्वाती किंचाळली, "आई, चल ना!" सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "नाई. त्या पायरीवर पाय उचलाचा नाई तुले. मागं सपाटीची हाय." आणि खरंच, मागोमाग ती आलीच. दारातून दोघी सरळ आत गेल्या. सासूबाईंनी एकच हाक दिली आणि चार माणसं उठली. कळ आली की त्या म्हणायच्या, "धर माहा हात. दाब. आता अंबादेवी आलं. आता इतवारा. एकच राहिलं." आपण कुठे आहोत आणि किती उरलंय हे प्रत्येक क्षणी कळत होतं, म्हणून भीती कमी वाटली, असं स्वाती म्हणाली.

ते हॉस्पिटल म्हणजे एक गावच आहे. मी स्वतः दोनदा चुकलोय. सासूबाई मुख्य दाराकडे वळल्याच नाहीत. बाजूच्या दाराने आत, डावीकडची लिफ्ट, आणि थेट प्रसूती विभाग. तिथल्या काउंटरवरची बाई त्यांना पाहून हसत उठली आणि स्वातीला म्हणाली, "म्हणजे ती मुलगी तुम्ही! या रोज येतात. दरवाजापर्यंत येतात, मला नमस्कार करतात आणि परत जातात."

मी पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

संध्याकाळी स्वातीचे कपडे आणायला मी आणि सासूबाई ट्रामने घरी निघालो. मी म्हटलं, "आई, रोज तुम्ही रस्ता पाठ करत होता, तर सांगायचं ना आम्हाला."

"सांगून काय होते? तुमी म्हनले असते, टॅक्सी हाय, फोन हाय."

मी तेच म्हणालो असतो. थोड्या वेळाने त्याच बोलायला लागल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका हळू होता की मला कान द्यावा लागला.

"स्वातीच्या आधी एक पोरगा झाला होता. तवा आमी खेड्यावर राहत होतो, चांदूर रेल्वेच्या पल्याड. हे अमरावतीले गेलेले. नाल्याले पूर आला. दुसऱ्या रस्त्यानं दवाखान्यात जाता येत होतं, पन थो रस्ता घरात कोनाले माहीत नव्हता. मलेबी नाई. मी घराच्या बाहेर निघतच नव्हती ना. बैलगाडी फिरत राहिली. गाडीतच झाला. रडलाच नाई."

ट्राम एका स्टॉपवर थांबली. काही माणसं उतरली.

"स्वातीला माहीत आहे?"

"नाई. आता कायले सांगाचं? तिले पोरगी झाली, तिनं हसावं."

आमचा स्टॉप आला. त्या उठल्या नाहीत, म्हणून मीही उठलो नाही. दारं मिटली. गाडी डोंगराच्या बाजूने वर जात राहिली आणि शेवटच्या स्टॉपवर, पांढऱ्या झाडांपाशी थांबली. आत आम्ही दोघंच उरलो होतो. ड्रायव्हर खाली उतरून हात चोळत उभा राहिला.

"नाव काय ठेवलं असतं, आई?" मी विचारलं.

त्यांनी बाहेरच्या झाडांकडे पाहिलं.

"माधव," त्या म्हणाल्या. "स्वातीच्या बाबाइलेबी नव्हतं सांगतलं मी. तुमालेच."

मग पदराने चेहरा पुसला, माझ्या हातावर हात ठेवला, आणि गाडी परत निघेपर्यंत तो तसाच राहू दिला.