गाडलेलं कार्ड

फरशीवाल्याने एकदा ठरवलं की ठरवलं! बसवलेली फरशी आणि दिलेला शब्द, दोन्ही हलत नाहीत, असं तो छाती ठोकून सांगे. क्रेडिट कार्डाने मात्र त्यालाच पार हलवून सोडलं होतं. आधी मोठा टीव्ही, मग टीव्हीला शोभेल असा सोफा, मग सोफ्याला शोभतील असे पडदे! हप्ते भरता भरता नाकी नऊ आले. शेवटी त्याने स्वयंपाकघरातली एक फरशी उचकटली, कार्ड तिच्याखाली ठेवलं आणि वर पुन्हा पक्कं सिमेंट!

"अहो, कापून टाकायचं ना सरळ!" बायको म्हणाली.

"कापलं की बँक नवं पाठवते. हे हरवलेलंही नाही आणि हाताशीही नाही. बोल!"

वर्षभर पोटाला चिमटा घेऊन त्याने कर्ज फेडलं. शेवटचा हप्ता भरला आणि तिथल्या तिथे बँकेला फोन लावला. "बंद करा ते कार्ड! आत्ताच्या आत्ता!"

"करते ना, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "फक्त कार्डावरचा पूर्ण नंबर सांगा. आज बंद झालं नाही, तर उद्या वर्षाची फी लागेल."

म्हणजे पुन्हा उधारी! त्याने छिन्नी-हातोडा उचलला. पण फोडायची कुठली? काम इतकं सफाईदार, की त्याची फरशी त्यालाच ओळखू येईना!

"ओट्याखालची," तो म्हणाला. फोडली. नव्हतं.

"अहो, तुम्ही फ्रिजपाशी बसला होतात!" फोडली. तिथेही नव्हतं.

त्याला चेवच चढला. दणदणाट ऐकून खालचे काका धापा टाकत वर आले. खणलेली जमीन बघून त्यांचे डोळे चमकले. "धन सापडलं की काय? निम्मं माझं हं! तुमची जमीन म्हणजे माझं छत!"

"कर्ज फेडून बसलोय हो काका, नाहीतर निम्मं आनंदाने दिलं असतं!"

अखेर दाराजवळच्या फरशीखाली कार्ड सापडलं. नंबर सांगितला, कार्ड बंद झालं. फरशीवाल्याला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं, इतकं हलकं वाटलं.

"आता मी उभी कुठे राहू?" बायकोने विचारलं. "खड्ड्यात?"

दोघं फरशीच्या दुकानात गेले. खिसा तर शेवटच्या हप्त्यात रिकामा झालेला!

"कार्ड आहे?" दुकानदाराने विचारलं.

"बंद केलं! आजच!" फरशीवाला एवढ्या जोरात म्हणाला, की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"मग काळजी कसली? आमच्या दुकानाचंच नवं कार्ड निघालंय. इथे सही करा, माल घरपोच!"

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने सिमेंटने माखलेल्या आपल्या चपलांकडे पाहिलं. त्याने सही केली.

माल घरी येताच तो कंबर कसून कामाला लागला. पहिली फरशी ठोकून बसवली, तोच बायको हात पुढे करून समोर उभी.

"ते दुकानाचं कार्ड द्या इकडे. आजपासून ते माझ्याकडे राहील."

फरशीवाल्याने मान खाली घातली आणि नुकतीच बसवलेली फरशी मुकाट्याने पुन्हा उचकटायला घेतली.