सुंदरीचा गळलेला ठोका

पाखरीची लेक हरणी, हरणीची चंद्री आणि चंद्रीची सुंदरी. खोडदच्या गोजरबाईंच्या दारातल्या या चारही घोड्या यात्रांतल्या शर्यतीच्या घाटात बैलगाड्यांपुढे धावल्या. चंद्री ऐन यात्रेत लंगडली, त्या वर्षी पारगावच्या रखमाजींनी स्वतःची घोडी गोजरबाईंच्या गाड्यापुढे दिली होती. ते ऋण तेवीस वर्षे तसेच राहिले होते. यंदा रखमाजींच्या सूनबाई सारजाबाईंची घोडी आजारी पडली. “सुंदरी येईल,” असा शब्द गोजरबाईंनी फोनवर दिला, आणि त्यांच्या शब्दावर घरात कोणी दुसरा शब्द काढत नसे.

यात्रेच्या आदल्या दिवशी तपासणीच्या दाखल्यासाठी जनावरांच्या डॉक्टर तेजस्विनी आल्या. त्यांनी सुंदरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“आजी, तीन ठोके पडतात आणि चौथा गळतो.”

“गळू दे की. तीन तर पडत्यात.”

“अशी सही नाही करता येणार. जरा शांत होऊ द्या, पुन्हा ऐकते.”

शांतता म्हटल्यावर गोजरबाईंनी साऱ्या आळीला हुकूम सोडला. पिठाची गिरणी थांबली. समोरच्या उज्ज्वलाचा मिक्सर वाटण अर्धे ठेवून बंद झाला. सून रत्ना सुंदरीला चिंचेच्या सावलीत खरारा करू लागली. घोडीने डोळे मिटले आणि खालचा ओठ सैल सोडला.

डॉक्टरांनी पुन्हा ऐकले. “आता दोनानंतरच गळतोय.”

“रत्ना, हात हळू चालव.”

“आत्याबाई, याच्यापरीस हळू चालवला तर मीच झोपंन.”

तोवर सुंदरीला अटॅक आल्याचे गावभर झाले. शेजारचा भागू डोक्यावरची टोपी काढून ओट्यावर दुखवट्याला बसला. पारगावहून सारजाबाईंचा फोन आला, “दुसरी घोडी बघू का?”

“बघाल तर याद राखा,” गोजरबाई हलक्या आवाजात गरजल्या.

डॉक्टर गेल्या असाव्यात, असे समजून उज्ज्वलाने त्याच क्षणी मिक्सर लावला. सुंदरी दचकून उधळली. दावे हातात धरलेला गोजरबाईंचा मुलगा सुभाष कांद्याच्या वावरातून तिच्यामागे निम्मा धावत, निम्मा घसरत दोन फेऱ्या मारून आला. धापा टाकणाऱ्या घोडीला डॉक्टरांनी तपासले. बराच वेळ तपासले.

“एकही गळत नाही,” त्या हसल्या. “घोडं निवांत असलं की त्याचं हृदय मधेच एक ठोका सोडतं. तेवढ्या वेळात ते जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात पडतो. पळायला लागलं की गळणं थांबतं. हे दुखणं नव्हे.”

“म्हंजे दम खाऊन हाणती,” गोजरबाईंनी मान ताठ केली. “आमच्याच घरातली हाय.”

“माझं कुणी तपासता का?” सुभाषने ढोपराची माती झाडत विचारले.

डॉक्टरांनी सही केली. मात्र घोडी आज फार दमली, म्हणून उद्या एकच बारी, एकदाच पळवायचं, असे बजावले. सुभाषचा चेहरा पडला. “आई, मग आपला गाडा?”

“आपला घोडीबिगर पळंल.”

दुसऱ्या दिवशी सुंदरीमागे सारजाबाईंचा गाडा वाऱ्यासारखा गेला आणि पहिल्या नंबरात बसला. सुभाषचे बैल निम्म्या घाटात थांबले आणि हसणाऱ्या लोकांकडे शांतपणे पाहत राहिले. गोजरबाईंनी मात्र पेढ्यांचा पुडा सोडला.

सारजाबाई ओशाळून म्हणाल्या, “आक्का, तुमचा गाडा तर मधीच हुबा राह्यला.”

“तवा तुमच्या मामंजींचाबी असाच राह्यला व्हता,” गोजरबाईंनी त्यांच्या तोंडात पेढा घातला. “आता फिटलं.”