ओट्याच्या उंचीबाबत

विषय : राहत्या घरातील स्वयंपाकघराचा ओटा व फरशी बदलणे, आणि त्यातून उद्भवलेली परिस्थिती.

संदर्भ : सौभाग्यवतींचे तोंडी आदेश, वेळोवेळी दिलेले.

वरील विषयास अनुसरून वाचकांस सविनय सादर करण्यात येते की, आमचा जुना ओटा फार बुटका होता. इतका की, आमच्या आधी या घरात राहणाऱ्यांचा स्वयंपाक त्यांचं मांजर करत असावं, असा मला संशय आहे. माझी बायको काही उंच नाही (लग्नाच्या फोटोत ती माझ्या खिशाशी काहीतरी बोलते आहे असं वाटतं), पण तिलाही त्या ओट्यापुढे वाकून उभं राहावं लागे. वर्षानुवर्षं वाकून तिची कंबर धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला, आणि दोन्हींचा उपयोग होईना तेव्हा वाकू नका असं सांगितलं. घरी येऊन ती मला म्हणाली, "अहो, मला दागिना नको, प्रवास नको. ओटा उंच करून द्या. मला ताठ उभं राहून स्वयंपाक करायचाय."

मागणी वाजवी होती. एखाद्या शहाण्या माणसाने ती मिस्त्रीच्या कानावर घातली असती आणि आपण वर्तमानपत्र वाचत बसला असता. पण मी नुकताच निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त कारकुनाला घरात कसला ना कसला चार्ज लागतो. तोपर्यंत माझ्याकडे गीझर बंद करणे आणि रद्दी बांधणे ही दोनच खाती होती. ओट्याचं खातं मी स्वतःहून मागून घेतलं.

सुरुवात दगडापासून केली. दुकानातून मी नमुन्याचे तुकडे आणले: पांढरा संगमरवर, काळा ग्रॅनाइट आणि करड्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट. ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि त्यांच्यावर लिंबू पिळलं, व्हिनेगर ओतलं, चहा सांडला, तेल चोळलं आणि हात शिवशिवला म्हणून शाईही टाकून पाहिली. संगमरवरावर लिंबाचा थेंब जिथे पडला तिथली चकाकी गेली आणि एक पांढुरका डोळा उमटला. काळा ग्रॅनाइट कशालाच दाद देईना, पण त्याच्यावर साधं पाणी वाळलं तरी डाग दिसे, आणि बोट टेकवलं तर ठसा असा स्वच्छ उठे की घरातला गुन्हेगार ताबडतोब सापडावा. या काळात आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

बऱ्याच दिवसांनी माझा तुलनात्मक अहवाल तयार झाला. मी तो वाचून दाखवणार, तेवढ्यात बायको वाळलेले कपडे घेऊन टेबलाशेजारून गेली आणि जाता जाता ठिपक्यांच्या तुकड्याकडे हनुवटीने खूण करून म्हणाली, "हा घ्या. डाग पडत नाही, आणि पडला तरी ठिपक्यांत खपून जाईल." अहवालाच्या शेवटच्या पानावर माझीही शिफारस हीच होती, त्यामुळे तो निर्णय मी माझाच समजतो.

फरशीच्या बाबतीत मुख्य प्रश्न घसरण्याचा. गुळगुळीत फरशी पुसायला सोपी, पण पाय घसरला तर कंबरेची आशाच सोडायची. म्हणून मी गुळगुळीत फरशीचा एक नमुना हॉलमध्ये ठेवला, त्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि वर उभा राहिलो. माझा पाय फरशीवरून घसरला नाही, हे मुद्दाम नमूद करतो. फरशीच मला घेऊन घसरली. सोफ्याने आम्हा दोघांना अडवलं. त्यानंतर मी खरखरीत फरशी मंजूर केली. खरखरीत फरशी पाय धरून ठेवते तशी घाणही धरून ठेवते, हे ज्ञान मला पुढे ब्रश हातात आल्यावर झालं.

मिस्त्री मिळाला तो अतिशय आनंदी गृहस्थ. 'नाही' हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही. काहीही सांगा, तो म्हणे, "होऊन जाईल, साहेब." असा एखादा माणूस आपल्या हाताखाली असावा अशी माझी सबंध नोकरीभर इच्छा होती. तो मिळाल्यावर कळलं, की खाती कशामुळे बुडतात.

फोडाफोडीची धूळ नको म्हणून बायको मुलीकडे राहायला गेली. निघताना दारात चपला घालता घालता एवढंच म्हणाली, "बाकी तुमचं काय ते करा. मला वाकावं लागू नये, तेवढं बघा."

आता मुख्य मुद्दा. ओटा बांधायच्या दिवशी मिस्त्री म्हणाला, ओट्यापुढे जे काम करणार त्यांना उभं करा. कोपर वाकवलं की त्याच्या चार बोटं खाली ओटा, असा हिशेब असतो. इथे माझी नोकरी आडवी आली. आमच्याकडे साहेब रजेवर असले की त्यांच्या पदनामाच्या वर बारीक अक्षरात 'करिता' असं लिहून मी सही ठोकत असे. अशा सहीने माणसांच्या बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, एकदा तर एक अख्खी इमारत पाडली गेली, आणि कोणी ब्र काढला नाही. तेव्हा बायको रजेवर, चार्ज माझ्याकडे, म्हणजे तिच्या करिता मीच उभं राहायचं, यात मला काही वावगं दिसेना. (ऑफिसात मला 'खांब' म्हणत. हे नाव माझ्या कर्तव्यनिष्ठेवरून पडलं असावं असा माझा समज होता.) मी ताठ उभा राहिलो आणि कोपर वाकवलं.

मिस्त्रीने माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं. वरपर्यंत पोचायला त्याला थोडा वेळ लागला. "बाई तुमच्याएवढ्या आहेत का?" त्याने विचारलं.

"त्या बाहेरगावी आहेत," मी म्हणालो. "त्यांचं सगळं मीच बघतो."

"होऊन जाईल, साहेब," तो म्हणाला, आणि त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली.

ओटा देखणा झाला. त्याच्यावर मी इतका खूश झालो, की त्याची निगा कशी राखावी याचे नियम सुवाच्य अक्षरात लिहून मी भिंतीला चिकटवले. गरम भांडे थेट दगडावर ठेवू नये, सांडलेले तत्काळ पुसावे, आंबट पदार्थाने ओटा घासू नये, दगडावर सुरी चालवू नये, आणि काम संपल्यावर ओटा कोरडा करून मगच स्वयंपाकघर सोडावे. खाली माझी सही.

बायको परत आली. ठिपक्यांवरून तिने हात फिरवला, पायाने फरशी चाचपली आणि चक्क म्हणाली, "छान झालंय हो." मी नम्रपणे मान खाली घातली. मग तिने विळीऐवजी खास नव्या ओट्यासाठी आणलेला लाकडी पाट मांडला, त्यावर कांदा ठेवला आणि सुरी उचलली. तिची दोन्ही कोपरं खांद्यांच्या रांगेत आली. उडण्याच्या तयारीत असलेल्या पक्ष्यासारखी ती क्षणभर उभी राहिली. मग तिने सुरी खाली ठेवून शेगडीवर पातेलं चढवलं आणि टाचा उंचावून आत डोकावायचा प्रयत्न केला.

"मला पातेल्यात काय आहे ते दिसत नाही," ती म्हणाली.

"वासावरून कळेल की," मी म्हणालो. (हे वाक्य मी परत घेऊ इच्छितो. पण ती सोय फक्त कागदपत्रांत असते.)

"अहो, हा ओटा कोणाच्या मापाचा आहे?"

मी नियम सांगितला. कोपर, चार बोटं वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "इकडे या. उभे राहा. कोपर वाकवा." मी वाकवलं. ओटा चार बोटं खाली, एका केसाचाही फरक नाही. मिस्त्रीला बोलावून दाखवावं असं काम होतं. तिने माझ्या हातात सुरी दिली.

"मी म्हणाले होते, मला वाकावं लागू नये. बरोबर आहे तुमचं. चिरा."

त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात एक खुर्ची आणून ठेवली. ती खुर्चीत बसून सांगे आणि मी ओट्यापुढे करत असे. सबंध आयुष्य मी डिक्टेशन घेतलं, पण फोडणीचं डिक्टेशन फार वेगात असतं. मधेच मी गरम झाकण दगडावर ठेवलं, की ती भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवी. मुलीचा फोन आला, की ती आईला विचारायची, आज बाबांनी काय जाळलं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते निराळंच. कधीकधी मी बाहेरून येई तेव्हा ती ओट्याजवळ उभी असे, दगडावर हात ठेवून, काही न करता. इतकी वर्षं वाकल्यावर तिने मागितला तो ओटा अखेर घरात आला होता, आणि तिचा हात त्याच्यावर धड पुरत नव्हता. हे काही बरं नव्हतं.

मी मिस्त्रीला बोलावलं. ओटा खाली घेता येईल का विचारलं. तो म्हणाला, होऊन जाईल, फक्त दगड काढताना फुटेल आणि त्याच्यासारखा दुसरा मिळणार नाही. मग मी बायकोसाठी लाकडी फळी टाकून पाहिली, पण शेगडीपासून बेसिनपर्यंत जाताना ती फळीवरून उतरायची विसरली आणि भोपळ्यासकट माझ्या अंगावर आली. भोपळा वाचला.

विचार करता करता मला एकाएकी सुचलं, की ओटा खाली येत नसेल तर जमीन वर यावी. फरशीवर भराव घालायचा आणि त्यावर दुसरी फरशी. या वेळी बायकोला स्वतः उभी करून, तिचंच कोपर वाकवून, मी माप घेतलं. फरक निघाला वीतभर.

"होऊन जाईल, साहेब," मिस्त्री म्हणाला, आणि झालंही. जमीन वीतभर वर आली. दार आत उघडेना, म्हणून ते खालून वीतभर कापलं. उंबऱ्याशी पायरी तयार झाली. पायरी चढलं की माझं कपाळ थेट चौकटीवर जातं, त्यामुळे मी आता स्वयंपाकघरात मान लववून प्रवेश करतो (पूर्वीही तसाच करत होतो, पण आता ते दिसतं). गॅसचा सिलिंडर कोपऱ्यात उभा होता, तो हलवा असं मिस्त्रीला कोणी सांगितलं नाही, म्हणून त्याने त्याच्या भोवतीने फरशी बसवली. सिलिंडर आता गोल खड्ड्यात उभा असतो, आणि बदलायच्या वेळी तो विहिरीतून वर काढल्यासारखा काढावा लागतो. फरशीचा उतारही थोडा चुकला. बेसिनपाशी सांडलेलं पाणी मोरीकडे न जाता पायरीवरून उतरून हॉलमध्ये सोफ्याखाली जमतं.

पण ओटा बरोबर झाला. बायको त्याच्यापुढे ताठ उभी राहिली, कोपर वाकवलं, चार बोटं बरोबर. तिने स्वतः चहा केला आणि दोन कप आणून टेबलावर ठेवले. चहा पिता पिता ती इतकी प्रसन्न दिसत होती, की मला वाटलं, आपल्या सबंध नोकरीत आपण जे केलं नाही ते या एका ओट्यात केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आलो तर ती खुर्चीत बसलेली.

"अहो, चहा ठेवा."

"पण ओटा तर आता तुझ्या मापाचा आहे," मी म्हणालो.

"आहेच. फार छान झालाय." तिने पाय लांब केले. "काल संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, कंबर पूर्ण बरी आहे, हे कशाने झालं? मी म्हटलं, हल्ली मी बसून असते. ते म्हणाले, मग तेच चालू ठेवा. आता डॉक्टरांचं ऐकायला नको का?"

डॉक्टरांच्या विरुद्ध अपील कोणाकडे करतात ते मला ठाऊक नाही. मी चहा ठेवला. ठेवताना वाकलो. भाजी चिरताना वाकलो, पातेलं घासताना वाकलो आणि भिंतीवरच्या शेवटच्या नियमाप्रमाणे ओटा कोरडा करताना सर्वांत जास्त वाकलो. ओटा आता माझ्या मानाने वीतभर खाली आहे. परवापासून माझी कंबर धरली आहे. बायकोचा जुना पट्टा मला तोकडा पडतो, म्हणून नवीन आणला.

मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, ओटा वीतभर उंच करून देतो, होऊन जाईल. तेव्हा मी रीतसर अर्ज लिहिला, की अर्जदाराची कंबर विचारात घेऊन एक तर ओटा उंच करण्यात यावा किंवा अर्जदारास स्वयंपाकघराच्या कार्यभारातून मुक्त करण्यात यावे. बायकोने तो खुर्चीत बसून, चष्मा लावून, पूर्ण वाचला. समासात काहीतरी लिहिलं आणि कागद मिठाच्या बरणीखाली ठेवला. मी नंतर जाऊन पाहिलं. तिने लिहिलं होतं : "कालच्या भाजीत मीठ कमी होते." मूळ मागणीवर अद्याप निर्णय झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.