ढालवाला डबा

"डबा मीच आणतो," असं मी म्हणालो आणि तिथून सगळं बिघडलं. एरवी मी काही आणतो म्हटलं की आई आणि बायको एका सुरात "नको" म्हणतात. त्या दिवशी दोघी दमल्या होत्या. कोणी काही बोललं नाही, आणि मी ते मंजूर धरलं. (मी चिखलीला सरकारी कार्यालयात लिपिक आहे. हरकत आली नाही की आमच्याकडे मंजूरच धरतात.)

झालं होतं असं, की आमची सुचिता जन्मली आणि पाठोपाठ मंजुश्रीला, म्हणजे माझ्या बायकोला, चांगलाच ताप आला. अंगावरचं दूध पुरेना. पोरगी रडून रडून लालबुंद व्हायची आणि तिला मांडीवर घेऊन मंजुश्रीही रडायची. शेवटी चिखलीच्या डॉक्टर अर्पिता मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अंगावर पाजणं चालूच ठेवा. कमी पडेल तेवढं पावडरचं दूध द्या. कोणतंही साधं चालेल." त्यावर माझ्या सासूबाईंनी एक साधा डबा आणूनही दिला होता.

मला "साधं" हा शब्द झोंबला. माझं अख्खं आयुष्य साधं गेलं. शाळा साधी, नोकरी साधी, अमडापूरहून चिखलीला जायची मोटारसायकलसुद्धा किक मारून चालू होणारी. निदान पोरीला तरी काही खास मिळावं! ऑफिसात जेवणाच्या सुटीत मी मोबाईल उघडला. त्यात एक बाई थेट माझ्याकडे बोट रोखून विचारत होती, "तुमच्या बाळाचं दूध त्याला अ‍ॅलर्जीपासून वाचवतं का?" पुढे चट्टे आलेली, शिंकणारी, तोंड सुजलेली लेकरं दाखवली. काळजीनं माझी कोपराची घडी खाजायला लागली. (ती तशी नेहमीच खाजते. आमच्या घराण्यात उष्णता आहे. बाबांची पाठ तर इतकी खाजते, की दाराच्या चौकटीचा एका बाजूचा रंग त्यांनी घासून घासून उडवलाय.)

संध्याकाळी मी मेडिकलमध्ये गेलो आणि अ‍ॅलर्जीपासून वाचवणारं दूध मागितलं. दुकानदारानं मला नीट न्याहाळलं. मग स्टूल घेतलं, त्यावर चढला आणि पार वरच्या फळीवरून एक डबा काढला. स्टुलावर चढून काढलेली वस्तू चांगलीच असणार. डब्यावर हसरं बाळ होतं आणि बाळापुढे सोनेरी ढाल. किंमत मी इथे सांगत नाही, कारण आईला ती अजून कळलेली नाही.

"काय आनलं रे हे?" आईनं विचारलं. माझी आई, तानाबाई, कुठल्याही नव्या वस्तूकडे ती चोरीची असल्यासारखं बघते.

"सुचीचं दूध."

"दुधाले ढाल कायले लागते? लढाईवर चालली का पोट्टी?"

मी तिला समजावून सांगितलं, की यात दुधातली प्रोटीनं आधीच बारीक तोडलेली असतात, त्यामुळे अंगावर चट्टे उठत नाहीत, दमा होत नाही, वगैरे. मला स्वतःला त्यातलं अर्धंच कळलं होतं, म्हणून आवाज जरा चढवला. आईनं डबा हातात घेतला, बोटानं टकटक वाजवला, झाकण दोनदा काढून लावून पाहिलं.

"झाकन मात्र टाईट हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, पटलं तिला.

त्यानंतर दर वेळी डबा संपला की मी नवा आणत गेलो. फार लवकर संपायचा. पोरगी बापाच्या जिवावर ताकदवान होतेय म्हणून मी खूश होतो. ऑफिसात तर मी या विषयातला तज्ज्ञ झालो. कोणाच्या घरी पाळणा हलायची नुसती कुणकुण लागली, तरी मी जाऊन ढालीची माहिती द्यायचो.

आणि मग सुचीच्या गालांवर लाल चट्टे आले. आधी वाटलं, गरमीनं असेल. पण चट्टे पसरले, खरबरीत झाले, त्यातून पाणी यायला लागलं. ती गाल माझ्या खांद्यावर घासायची, घासून घासून रडायची. तिच्या हाताला कापडी पिशव्या बांधायची वेळ आली. एवढंसं लेकरू, स्वतःचा गालसुद्धा त्याला खाजवता येत नव्हता.

आता आपल्याकडे लेकराला काही झालं, की औषधाच्या आधी आरोपी शोधतात. वडनेर भोलजीहून माझ्या सासूबाई, धम्मशीलाबाई, आल्या त्या चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "बेसन लावून आंघोळ घालता काय तिले? मंग चामडी निघनारच." आई म्हणाली, "बेसनानं माह्ये तीन लेकरं मोठे झाले." (त्या तिघांतला एक मी. मी बाहीवरून कोपर चोळत ऐकत होतो.)

गंमत म्हणजे डब्याला आईनं एकदाही दोष दिला नाही. एरवी माझ्या हातच्या कोथिंबिरीलाही ती नावं ठेवते. तिनं दोष दिला मंजुश्रीला. "अंगावर पाजते, अन वांगे खाते. वांगे वातूळ असतात. बंद कर." वांगी बंद झाली. सासूबाई म्हणाल्या, शेंगदाणे उष्ण. शेंगदाणे बंद. बाबांनी, म्हणजे माणिकरावांनी, चौकटीला पाठ घासत अंडी सुचवली. शेजारणीनं दही सांगितलं, कोणी तूर सांगितली. शेवटी मंजुश्रीच्या ताटात भात आणि मुगाचं पातळ वरण एवढंच उरलं. चट्टे पोरीच्या गालावर आणि पथ्य तिच्या आईला! मंजुश्री वाळत चालली. घरात वांग्याचं भरीत व्हायचं, शेंगदाण्याची चटणी व्हायची, आणि सगळ्यांना वाढून ती कोपऱ्यात मूग कालवत बसायची.

मी तिची बाजू घ्यायला हवी होती. नवऱ्याचं तेवढंच काम असतं. त्याऐवजी मी लिपिकासारखा हिशोब मांडला. डबा ढालवाला आहे, म्हणजे डब्यात दोष नाही. मग उरलं काय?

"मंजू," मी म्हणालो, "डब्यात तं काही नाई निघू शकत. तुह्याच दुधात काही असंन."

तिच्या हातात घास होता. तो तिनं ताटात परत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तिचं तोंड उघडलं, मग मिटलं. ताट उचलून ती मोरीत गेली. मला वाटलं, चूक कळली तिला.

तरी चट्टे हटेनात. मग डॉक्टर अर्पिता मॅडमकडे जायचं ठरलं. निघताना माझ्या डोक्यात आलं, की मॅडमना डबा दाखवावा. त्यांनी साधं सांगितलं होतं, मी खास दिलं. बाप किती काळजी घेतो ते त्यांनाही कळू दे. मंजुश्री सुचीला घेऊन ऑटोत बसली होती. मी फळीवरचा ढालवाला डबा काढून पिशवीत टाकला.

दवाखान्यात सुचीला तपासून मॅडमनी विचारलं, "दूध कोणतं देता?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला, ढाल त्यांच्याकडे करून.

"अहो, हा कायले आनला?" मंजुश्री ओरडली आणि सुचीला पोटाशी धरून चक्क दाराबाहेर पळाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. झाकण खरोखरच टाईट होतं. मी डबा पोटाशी दाबला, दात ओठ खाल्ले आणि जोर लावला.

फट्‌दिशी झाकण उघडलं आणि लाल धूर उडाला. आत उन्हाळ्यात कांडून आणलेलं तिखट होतं. मॅडम शिंकल्या, नर्स शिंकली, मी शिंकलो, बाहेर बसलेले पेशंटही शिंकायला लागले. डोळ्यांतून धारा वाहत असतानाच मला आठवलं, की आमच्या घरात डब्यावर जे लिहिलेलं असतं ते आत कधीच नसतं. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो, मिठाईच्या डब्यात कुरडया. जन्मापासून मी या घरात राहतो, आणि तरी लेबल वाचून बसलो होतो.

खिडक्या उघडून, पंखा लावून, तोंडं धुऊन झाल्यावर मी तिथूनच आईला फोन लावला. मॅडमनी स्पीकर चालू करायला सांगितला.

"आई, ढालीच्या डब्यात तिखट काऊन हाय?"

"मंग कशात भरू? त्याचंच झाकन टाईट हाय. सर्द नाई लागत."

"अन आतली पावडर?"

"थे तुह्या बापाच्या चहात सरते. गोड लागते म्हनतात."

"अन सुचीले काय देता मंग?"

"डॉक्टरीनबाईनं साधं सांगतलं होतं ना? साधंच देतो, तुह्या सासूनं आनलेलं. तुह्या बायकोले इचार, तीच तं कालवते."

मॅडमनी नाक पुसत विचारलं, "घरात कोणाला कसला त्रास आहे का? खाज वगैरे?"

"छे! आमच्या घराण्यात सगळे ठणठणीत आहेत," मी म्हणालो. मॅडम माझ्या हाताकडे बघत होत्या. तो आपोआप कोपराच्या घडीत गेला होता.

"बाही वर करा," त्या म्हणाल्या. मी केली. "हे काय आहे?"

"ही उष्णता. बाबांनाही आहे. आजोबांना होती."

"याला एक्झिमा म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "घरात असला तर लेकरांत यायची शक्यता जास्त. कुठल्या डब्यानं तो टळतो असं मी तुम्हाला खात्रीनं सांगू शकत नाही. तुमच्या वडिलांनी एवढे दिवस ढाल प्यायली, त्यांची खाज थांबली का?"

मी चौकटीचा विचार केला. आता दुसऱ्या बाजूचाही रंग गेलाय.

मंजुश्री दारात येऊन उभी राहिली होती. मॅडम तिच्याकडे वळल्या. बेसन बंद, कोमट पाणी, आंघोळ झाल्या झाल्या मलम, आणि चट्ट्यांवर लावायचं दुसरं औषध सांगितलं तेवढंच, असं सगळं नीट सांगितलं. मग तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही इतक्या वाळलात का? जेवत नाही का?"

"पथ्य हाय मले."

"कोणी सांगितलं?"

मंजुश्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो. "तुमच्या खाण्यानं हे झालं नाही आणि पथ्यानं बरंही होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आजपासून सगळं खायचं."

परत येताना ऑटोत मी विचारलं, "तुले माहीत होतं, सुची साधंच दूध पिते. मी तुह्या दुधाले नाव ठेवलं तवा सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुम्ही काय म्हनले असते?" ती सुचीच्या गालावरून पदर हळूच सरकवत म्हणाली. "ढालवाला देल्ला नाई म्हूनच झालं, असंच म्हनले असते ना? तसंबी माह्यंच नाव अन असंबी माह्यंच."

मी खरंच तसंच म्हणालो असतो. "चुकलं माह्यं," मी म्हणालो. ती रस्त्याकडे बघत राहिली. ऑटोवाल्यानं मात्र आरशातून माझ्याकडे बघून मान हलवली.

मलमानं सुचीचे गाल हळूहळू निवले. पिशव्या सुटल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझ्या चष्म्याला हात घातला. आईला मी सगळं समजावलं, की खाज माझ्याकडून आली, मंजुश्रीचा त्यात काही दोष नाही. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं. त्या दिवशी घरात वांग्याचं भरीत होतं, वर कच्चं तेल, बाजूला शेंगदाण्याची चटणी. मंजुश्री ताट वाढून घेऊन आमच्याबरोबर बसली. मला फार बरं वाटलं. मी भाकरी मोडली.

"तू नोको घेऊ भरीत," आई म्हणाली. "खाज तुह्याकडून आली ना? मंग पथ्य तुले."

"अवं, पन डॉक्टर मॅडमनं सांगतलं, पथ्यानं काहीच फरक पडत नाई!" मी मंजुश्रीकडे वळलो. "मंजू, तू होती ना तिथं? सांग ना आईले."

"हाव, होती ना मी," मंजुश्री म्हणाली आणि माझ्या ताटात भात आणि मुगाचं पातळ वरण वाढलं.