दोन्ही बाजूंनी दिसणारा पडदा

"पुरुष इकडून बघतील, बाया तिकडून. असा पडदा सोलापुरातबी न्हाय!" तामलवाडीच्या महालिंगप्पा कापडवाल्यानं छाती ठोकून सांगितलं.

त्याची बायको शिवम्मा एवढंच म्हणाली, "आन् करडीचं तेल कुठं गेलं?"

तेल पडद्यात गेलं होतं. कापडाला कंट्रोल लागलेले दिवस. तरी महालिंगप्पानं आठ हात मांजरपाट फाडला, कोमट तेलात मेण विरघळवलं आणि कापड बुडवून तीन दिवस वाळत घातलं. चौथ्या दिवशी पडद्यातून पलीकडच्या शेळ्या मोजता येत होत्या. वासानं त्या मोजून घ्यायला जवळही आल्या होत्या!

काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारा जादूचा कंदील त्यानं सोलापुराहून आणला होता. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर जवानानं हटकलं, तेव्हा "देवघरातला दिवा हाय, साहेब" म्हणून सुटला.

हा सगळा खटाटोप मुलासाठी. गुरुसिद्धप्पा हैदराबादेत सरकारी कारकून. येडशीच्या कल्याणप्पाची मुलगी त्याला सांगून आली होती. कल्याणप्पा राजी होता. अडून बसली होती त्याची आई, इरम्मा. "शहरात गेलेलं पोरगं. इष्टलिंगाची पूजा तरी करतंय का?"

पोराला रजा मिळेना. म्हणून महालिंगप्पानं त्याचा पूजेला बसलेला फोटो काचेवर उतरवून घेतला. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातात बेल. लिंगायतांची रीत अगदी चोख. इरम्मानं एकदा बघितलं की सुपारी फुटलीच!

दिवेलागणीला येडशीची मंडळी तामलवाडीत जमली. कंदिलाच्या बाजूला पुरुष, पडद्यापलीकडं बाया. काच सरकवली आणि पडद्यावर पुरुषभर उंचीचा गुरुसिद्धप्पा प्रकटला.

"वा! काय पोरगं हाय!" कल्याणप्पा म्हणाला.

पलीकडून इरम्माची किंकाळी आली. "अय्यो शिवा! लिंग उजव्या हातात!"

"अव्वा, डाव्यात हाय की!" कल्याणप्पा इकडून ओरडला.

"म्या आंधळी हाय व्हय? समद्या बाया बघत्यात, उजव्यात हाय!"

महालिंगप्पाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. मागून बघणाऱ्याला चित्र उलटं दिसणारच! त्यानं घाईघाईनं काच उपसली आणि उलटी करून बसवली.

नेमकी त्याच वेळी इरम्मा काठी टेकत पडद्याखालून पुरुषांच्या बाजूला आली होती. तिनं मान वर केली.

"बघा! हिकडूनबी उजव्यातच!"

कल्याणप्पानं डोळे चोळले. "आत्ता तर डाव्यात हुतं! अहो महालिंगप्पा, तुमचं पोरगं हात बदलतंय की!"

"पोरगं न्हाय, म्या काच बदलली!"

"म्हंजे लबाडी पोराची न्हाय, बापाची," इरम्मा म्हणाली आणि गाडी जुंपायला सांगितली.

पंधरा दिवस विनवण्या झाल्या. शेवटी इरम्मानं हुकूम सोडला, "पोरगं समोर आणून बसवा. पडदाबिडदा नको."

गुरुसिद्धप्पा हातापाया पडून रजा घेऊन येडशीच्या स्टेशनावर उतरला. तोवर महालिंगप्पानं रात्रंदिवस एकच विचार केला होता. समोरून बघणाऱ्याला उलटं दिसतं. पडद्यानं त्याला ही विद्या फार महागात शिकवली होती. कल्याणप्पाच्या दारात त्यानं मुलाला बाजूला ओढलं.

"आज्जी तुझ्यासमोर बसणार. म्हणून लिंग उजव्या हातावर घे. म्हंजे तिला डाव्यात दिसंल."

"पण अप्पा..."

"पडदा तू केलास का म्या?"

पोरगा आज्ञाधारक. सगळ्यांसमोर बसला, डोळे मिटले आणि इष्टलिंग उजव्या तळहातावर घेतलं.

कल्याणप्पानं कपाळावर हात मारून घेतला. कुठला हात, ते बघायची महालिंगप्पाला हिंमत झाली नाही.

इरम्मानं विचारलं, "असं कुणी शिकिवलं, बाबा?"

"अप्पांनी. आत्ताच. दारात."

म्हातारीनं स्वतःच्या हातानं लिंग उचलून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"पोरगं खरं बोलतंय आन् बापाचं ऐकतंय. पोरगी दिली! पण महालिंगप्पा, लग्नात तुमी नवऱ्याच्या उजव्या बाजूला उभं ऱ्हावा."

महालिंगप्पा हरखून उठला आणि मुलाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला.