झुलाल आबांचा व्हॉल

झुंबरबाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि जळगावच्या मे महिन्याचा त्यात काही दोष नव्हता. दोष समोर दवाखान्यातल्या खाटेवर पाय पसरून बसला होता. त्यांचे यजमान, झुलाल आबा! वय पंचाहत्तर, हृदयाची झडप, म्हणजे आबांच्या भाषेत 'व्हॉल', कडक होऊन आखडलेली, पण तोंड अजून तेल घातल्यासारखं चालू.

डॉक्टर कामिनी मॅडमनी दोन-दोनदा समजावलं होतं. एक तर छाती उघडून झडप बदलायची, नाहीतर मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून नवी बसवायची.

"आबा, दोन्ही होऊ शकतं. पण आज ठरवा. चालता चालता चक्कर येऊन पडता, आता थांबण्यात धोका आहे."

"पुनाले इचारस," आबा म्हणाले.

पुना हा त्यांचा चुलतभाऊ. धरणगावजवळची ठिबक सिंचनाची शेती तोच बघायचा, आणि त्याच्या सल्ल्याशिवाय आबा विळासुद्धा घेत नसत. फोन लागताच आबा ओरडले, "पुना, व्हॉल खराब व्हयना! बदलाना म्हणतस. उघडीसन करू का नळीमाईन?"

"नवा कसाले? जुनाच काढा, घासलेटमा धवा नि परत बसाडा!"

फोन कटला. आबांनी चप्पल शोधायला सुरुवात केली.

"चला घर. फक्त धवाना शे."

"अहो, तो ठिबकना व्हॉलनं सांगस!" झुंबरबाई कडाडल्या. "घासलेटमा धवाले काळीज काय कंदील शे?"

"पुना कधी चुकत नाही."

मुलगा नवलने हात जोडले, मॅडमनी समजूत काढली. आबा ढिम्म. पुनाचा फोन लागेना. झुंबरबाईंनी चप्पल उचलून स्वतःच्या पिशवीत कोंबली आणि दाराशी जाऊन बसल्या. राग होताच, पण हा माणूस असाच घरी नेला तर परत आणता येणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

दुपारी पुना घामाघूम होऊन दारात उभा राहिला. हातात एक व्हॉल.

"आबा, बठ्ठी लाइन खंदीसन पाह्यं. व्हॉल ते एकदम चांगला शे!"

"म्हणजे... कपाशीचं पाणी?"

"बंदच शे ना. व्हॉल आठे शे."

नुकती उगवलेली कपाशी, हे ऊन आणि पाणी बंद! आबा लालबुंद झाले. मारायला उठले, पण पाऊलभर टाकताच धाप लागून खाटेवर कोसळले. मॅडम धावत आल्या.

"मॅडम," आबा धापा टाकत म्हणाले, "ऑपरेशननंतर हात जोरात कधी उगारता येईल?"

मॅडम चमकल्या. "छाती उघडली, तर हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने जोर लावायचा नाही. मांडीतून केलं, तर आठवड्याभरात..."

"मांडीतून! लगेच करा!"

पुना हळूच दाराकडे सरकला. झुंबरबाईंनी त्याची कॉलर धरली.

"हालू नको तठून! तू चालना गया ते यासना इचार बदली जाई!"